बाळ कुणावर जाणार?

दिवस गेल्याची बातमी घरात फुटली की थोड्याच दिवसांत भिंतीवर एक गुटगुटीत बाळ येऊन बसतं. कधी लोणी चाटणारा बाळकृष्ण, कधी कॅलेंडरवरचं निळ्या डोळ्यांचं परदेशी मूल. ‘येता-जाता बघत जा, तस्संच होईल,’ हे सांगायला एखादी आत्या किंवा मामी असतेच. दुधात केशराच्या काड्या पडू लागतात, ग्रहण आलं की विळी-सुरी नजरेआड होते, पोट टोकदार दिसतंय की पसरट यावर जाणत्या बायकांची चर्चा रंगते. आता त्यात मोबाइलची भर पडली आहे. आईचा एक फोटो, बापाचा एक फोटो, आणि मिनिटभरात पडद्यावर बाळ हजर, तेही हसरं.

बाळ कुणावर जाणार, या प्रश्नाची उत्तरं शोधणाऱ्यांत वैद्य होते, कथेकरी होते, संख्याशास्त्रज्ञ होते. हल्ली पोलीस आणि कंपन्याही आहेत. हा सगळा पसारा एकत्र पाहिला की एक गोष्ट ध्यानात येते. जे आधी सांगता येतं ते सहसा कुणी विचारत नाही, आणि जे हमखास विचारलं जातं त्याचं उत्तर फक्त सरासरीत मिळतं.

आईने जे पाहिलं ते मुलावर उमटतं, ही समजूत फार जुनी आणि जगभरची. महाभारतात व्यासांचं उग्र रूप पाहून अंबिकेने डोळे मिटले म्हणून धृतराष्ट्र आंधळा जन्मला, अंबालिका पांढरीफटक पडली म्हणून पंडू फिकट. सुश्रुतसंहितेत म्हटलं आहे की ऋतुस्नान झाल्यावर स्त्री ज्या पुरुषाला प्रथम पाहते तसा तिला मुलगा होतो, म्हणून तिला नवऱ्याचंच दर्शन घडवावं. आणि डोहाळे पुरवले नाहीत तर मूल कुबडं किंवा ठेंगणं निपजू शकतं. प्राचीन ग्रीक लेखक हेलिओडोरसच्या कादंबरीत इथिओपियाच्या काळ्या राणीला गोरी मुलगी होते, कारण गर्भ राहिला त्या वेळी तिची नजर अँड्रोमेडाच्या चित्रावर होती. नवऱ्याला संशय येईल या भीतीने राणी बिचारी लेक टाकून देते. बायबलमधला याकोब कळपासमोर सोललेल्या पट्ट्यापट्ट्यांच्या काठ्या रोवतो आणि ठिपकेदार करडं-कोकरं पदरात पाडून घेतो. १७२६ साली इंग्लंडमधल्या गोडाल्मिंगच्या मेरी टॉफ्ट या बाईने तर आपल्या पोटी ससे जन्मतात असा दावा केला. गरोदरपणी सशामागे धावले, मग सशाचाच ध्यास लागला, हे तिचं स्पष्टीकरण, आणि राजघराण्याच्या शल्यवैद्याने ते खरं मानलं! लबाडी उघडी पडली, आणि पुढच्याच वर्षी जेम्स ब्लाँडेल या लंडनच्या डॉक्टरने आईच्या कल्पनेचा गर्भाच्या रूपावर परिणाम होत नाही असं ठणकावणारं पुस्तक काढलं. त्याला तीनशे वर्षं होत आली. कॅलेंडर भिंतीवर आहेच.

चरकसंहितेतला विचार याहून वरच्या प्रतीचा आहे. गर्भाचा कुठला भाग कुणाकडून येतो याची वाटणी तिथे आहे: त्वचा, रक्त, मांस, मेद, हृदय आईकडून, केस, नखं, दात, हाडं बापाकडून. वाटणी चुकीची आहे. पण त्याच ठिकाणी भरद्वाज एक नेमका प्रश्न विचारतो. मूल जर आईबापांपासून होतं, तर आंधळ्याचं मूल आंधळं आणि बुटक्याचं बुटकं का होत नाही? त्यावर आत्रेयांचं उत्तर असं की बीजाचा जो भाग बिघडलेला असेल तेवढ्याच अवयवात दोष उतरतो. बीजातला तो भाग शाबूत असेल तर उतरत नाही. आईबापांचं शरीर वेगळं आणि त्यांचं बीज वेगळं, ही जाण इथे दिसते. युरोपात ही गोष्ट ठासून सांगायला ऑगस्ट वाइसमान यांच्यापर्यंत, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत थांबावं लागलं. तरी चरकाला जनुकं ठाऊक होती असा जयघोष करायची घाई नको. त्याच ग्रंथात मुलाचा वर्ण तेजाबरोबर पाणी-आकाश जास्त मिसळलं की पृथ्वी-वायू, यावर ठरवलेला आहे.

ग्रहणात काही चिरलं तर बाळाचा ओठ फाटतो, या समजुतीचा निकाल मात्र चटकन लावता येतो. गर्भाचा चेहरा घडतो तो चौथ्या ते आठव्या आठवड्यात. मेंदू जिथून तयार होतो त्या भागाच्या कडेने काही पेशी निघतात, सरकत पुढे येतात, त्यांचे पाच उंचवटे होतात आणि ते एकमेकांना जुळून कपाळ, नाक, गाल, ओठ, हनुवटी आकाराला येते. वरचा ओठ सातव्या आठवड्याच्या सुमारास सांधतो, टाळू त्यानंतर काही आठवड्यांत. जिथे सांधा राहून गेला तिथे ओठ दुभंगलेला दिसतो. पाचव्या महिन्यातल्या ग्रहणात भाजी चिरली म्हणून सांधलेला ओठ पुन्हा उसवत नाही. आणि ज्या दिवसांत तो खरंच सांधत असतो त्या दिवसांत दिवस गेल्याची बातमी बहुधा घराच्या बाहेरही गेलेली नसते.

आईच्या पोटात काय जातं याने चेहऱ्यावर काहीच फरक पडत नाही, असं मात्र नाही. पडतो, पण तो बिघाडाच्या दिशेने. गरोदरपणात दारूचं प्रमाण जास्त असेल तर मुलाचा वरचा ओठ पातळ, नाकाखालची उभी खाच सपाट आणि डोळ्यांच्या फटी लहान राहू शकतात. सिगारेट, फिट्सवरचं व्हॅल्प्रोएट हे औषध, ताब्यात नसलेला मधुमेह, यांनी ओठ-टाळू दुभंगण्याचा धोका वाढतो. चेहरा देखणा करणारा पदार्थ मात्र अजून कुणाला सापडलेला नाही.

आता शास्त्राची बाजू. मेंडेलचे वाटाण्यांवरचे नियम १९०० साली पुन्हा उजेडात आले आणि सगळ्यांना वाटलं, कुलूप उघडलं. १९०७ साली अमेरिकेत गर्ट्रूड आणि चार्ल्स डॅव्हनपोर्ट या दांपत्याने डोळ्यांचा रंग त्या चौकटीत बसवला. तपकिरी प्रभावी, निळा अप्रभावी. निळ्या डोळ्यांच्या जोडप्याला तपकिरी डोळ्यांचं मूल होणार नाही. शाळांमधून हे पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं गेलं, आणि त्यापायी किती निरपराध बायकांकडे संशयाने पाहिलं गेलं असेल कोण जाणे. आता चित्र बरंच गुंतागुंतीचं झालं आहे. पंधराव्या गुणसूत्रावर ओसीए-२ आणि त्याच्या शेजारी एचईआरसी-२ ही जनुकं आहेत. दुसऱ्यातल्या एका अक्षराचा फरक पहिल्याचं काम मंद करतो आणि बुबुळात रंगद्रव्य कमी बनतं, हे २००८ साली स्पष्ट झालं. निळ्या-तपकिरीचा बराचसा निवाडा तिथेच होतो, पण सगळा नाही. २०२१ साली सुमारे १,९५,००० लोकांच्या पाहणीत डोळ्यांच्या रंगाशी नातं असलेल्या जनुकसंचातल्या ६१ जागा निघाल्या. निळ्या डोळ्यांच्या आईबापांना तपकिरी डोळ्यांचं मूल होऊ शकतं, क्वचित, पण होतं.

मराठी घरांत हा विषय घाऱ्या डोळ्यांपाशी येतो. घारे डोळे म्हणजे कोकणस्थ, हे समीकरण विनोदी नाटकांपासून लग्नाच्या बोलण्यांपर्यंत रुळलेलं आहे, जरी घारे डोळे महाराष्ट्रातल्या इतरही अनेक जातींत दिसतात. काळ्याभोर डोळ्यांच्या आईबापांच्या पोटी घाऱ्या डोळ्यांची मुलगी आली की कुणाला तरी पणजी आठवते. इथे पणजीची साक्ष ग्राह्य धरायला हरकत नाही. दोन्ही घराण्यांतून दबून आलेले उजळ रूपाचे तुकडे अशा वेळी एकत्र पडलेले असतात. मात्र ते पडतील की नाही, हे पत्रिका पाहून किंवा पणजीचा फोटो पाहून आधी सांगता येत नाही.

वर्गात गंमत म्हणून शिकवल्या जाणाऱ्या इतर ‘मेंडेली’ खुणांची अवस्था याहून वाईट. जीभ नळीसारखी वळवता येणं हे एका जनुकाचं काम, असं आल्फ्रेड स्टर्टेव्हंट या नामवंत जनुकशास्त्रज्ञाने १९४० साली लिहिलं. एकसारख्या जुळ्यांतही एकाला जमतं आणि दुसऱ्याला जमत नाही, हे १९५२ साली दिसून आलं. पुढे स्टर्टेव्हंटने स्वतःच आपलं म्हणणं मागे घेतलं. क्रमिक पुस्तकांनी घेतलं नाही. कानाची पाळी सुटी की चिकटलेली, हाही एका जनुकाचा मामला मानला जायचा. २०१७ साली ७४,६६० लोकांच्या अभ्यासातून त्या इवल्याशा पाळीमागे ४९ जागा निघाल्या!

मेंडेलचं गणित चोख चालतं ती जागा वेगळी आहे. नंदुरबारमधला आणि गडचिरोलीसह विदर्भातला सिकलसेल आजार, किंवा सिंधी, लोहाणा, कच्छी समाजांत जास्त आढळणारा थॅलेसेमिया. नवरा-बायको दोघे वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात मूल आजारी निघण्याची शक्यता चारांत एक, ना कमी ना जास्त. साध्या रक्ततपासणीवर हे कळतं. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू केलं, त्याचा कणाही ही तपासणीच आहे. होणाऱ्या बाळाबद्दल लग्नाआधीच सांगता येईल असं यापेक्षा पक्कं भाकीत नाही. छत्तीस गुणांच्या मेळात त्याला अजून एकही गुण नाही.

खरं तर आपल्याकडे ‘कसं दिसेल’ याचा अर्थ निम्म्या वेळा ‘गोरं होईल ना’ एवढाच असतो. बाकीच्या निम्म्या वेळा काय असतो, ते पुढे येईलच. रंगाची गोष्ट एका माशापासून सुरू होते. झेब्राफिशच्या ‘गोल्डन’ नावाच्या फिकट जातीत रंग कशामुळे कमी झाला याचा शोध घेताना २००५ साली एसएलसी२४ए५ हे जनुक हाती लागलं. माणसातही ते असतं, आणि त्याचं उजळ रूप युरोपात जवळजवळ प्रत्येकात आहे. हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेतले के. थंगराज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली दाखवलं की भारतीयांतलं उजळ रूप आणि युरोपीयांतलं उजळ रूप एकाच पूर्वजाकडून आलेलं आहे. भारतात ते सरसकट नाही. प्रांताप्रांतांत, जातीजातींत त्याचं प्रमाण बदलतं, आणि गावोगाव दोन्ही रूपं शेजारी-शेजारी नांदतात. म्हणूनच एका आईची थोरली सावळी आणि धाकटा गोरा, हे आपल्याकडे जितकं सहज घडतं तितकं नॉर्वेत किंवा नायजेरियात घडत नाही. त्यातून हे झालं एक जनुक. रंगावर परिणाम करणारी आणखी कितीतरी आहेत, आणि वर ऊन आहेच.

केशराचा लौकिक टिकून राहिला तो एका साध्या कारणाने. आपल्याकडची बहुतेक मुलं जन्मतः पुढच्या रंगापेक्षा उजळ दिसतात. रंगद्रव्य चढायला काही आठवडे, काही महिने लागतात. केशराचं प्रगतिपुस्तक मात्र बाराव्या दिवशी बारशालाच भरून होतं. पुढे मूल सावळं झालं तर दोष उन्हाचा, तेलाचा किंवा बापाच्या घराण्याचा.

उंचीच्या बाबतीत विज्ञानाची मजल सर्वांत लांब गेली आहे, म्हणून त्याची मर्यादाही तिथेच सर्वांत स्वच्छ दिसते. फ्रान्सिस गॉल्टनने १८८६ साली २०५ कुटुंबांतल्या ९२८ प्रौढ मुलांच्या उंच्या त्यांच्या आईबापांच्या उंच्यांशी ताडून पाहिल्या. फार उंच जोडप्याची मुलं उंच असतात, पण आईबापांइतकी नाहीत, सरासरीकडे सरकतात. बालरोगतज्ज्ञ आजही वापरतात ते सूत्र त्याच वळणाचं आहे. आईबापांच्या उंचीच्या बेरजेत मुलासाठी १३ सेंटिमीटर मिळवा, मुलीसाठी १३ वजा करा, दोनने भागा. बाप १७२, आई १५६ असेल तर मुलीची अपेक्षित उंची १५७.५. पण यापुढचा भाग पालक ऐकत नाहीत: दोन्ही बाजूंना आठ-साडेआठ सेंटिमीटर सूट धरायची. म्हणजे पाच फुटांच्या आतली मुलगी निघाली तरी सूत्र बरोबर आणि जवळजवळ साडेपाच फुटांची निघाली तरी बरोबर. ज्योतिषाला इतकी सवलत दिली तर तोही चुकणार नाही.

मग थेट जनुकं वाचून काय साधतं? २०२२ साली ५४ लाख माणसांची माहिती एकत्र करून उंचीशी संबंधित १२,१११ जागा शोधल्या गेल्या. कुठल्याही मानवी गुणाचा इतका मोठा नकाशा त्याआधी झाला नव्हता. युरोपीय वंशाच्या लोकांत माणसामाणसांच्या उंचीतल्या फरकाचा सुमारे ४० टक्के भाग त्यातून उलगडतो. इतर वंशांत हाच आकडा १० ते २० टक्क्यांवर येतो, कारण तपासलेली बहुतेक माणसं युरोपीय वंशाची होती. पुण्या-नागपुरातल्या बाळाची उंची सांगायला तो नकाशा अजून अर्धवट आहे.

अडचण फक्त माहिती कमी असण्याची नाही. आईच्या आणि बापाच्या जनुकांचं अक्षर अन् अक्षर ठाऊक असलं तरी त्यातलं कुठलं अर्धं बाळाकडे जाणार हे आधी ठरलेलं नसतं. प्रत्येक बीज म्हणजे पिसून वाटलेला डाव. तेवीस जोड्यांतलं एकेक गुणसूत्र उचलण्याचे प्रकार होतात ८३,८८,६०८, म्हणजे जवळपास चौऱ्याऐंशी लक्ष. योनींचा आकडा पुराणांनी कुठून आणला ठाऊक नाही, पण इथे तो चपखल बसतो! आई-बाप दोघांचे धरले तर सत्तर लाख कोटींहून जास्त, आणि गुणसूत्रं आपापसांत तुकडे बदलतात ते अजून जमेला धरलेलंच नाही. उंचीसारख्या गुणात समाजात जो आनुवंशिक फरक दिसतो, त्यातला साधारण निम्मा सख्ख्या भावंडांतच दिसतो. आईबापांकडे पाहून बाळाबद्दल सांगायचं म्हणजे या सगळ्या शक्य भावंडांची सरासरी सांगायची.

तर मग आईबापांना सोडून सरळ बाळाचीच जनुकं वाचली तर? तेही जमतं. गर्भवतीच्या रक्तात गर्भाचा डीएनए तरंगत असतो, हे हाँगकाँगचे डेनिस लो यांनी १९९७ साली दाखवलं; २०१२ साली सिअ‍ॅटलच्या संशोधकांनी आईचं रक्त आणि बापाची लाळ एवढ्यावर गर्भाचा जवळजवळ पूर्ण जनुकसंच मांडला. म्हणजे प्रश्न आता असा राहतो: जनुकं हातात आहेत, चेहरा काढून दाखवा.

इथे गाडी अडते. चेहऱ्याच्या आकाराशी जोडलेल्या २०३ जागा २०२१ सालच्या एका अभ्यासात निघाल्या, पण एकेकीचा वाटा नाकाच्या शेंड्यावर केसभर. त्याआधी २०१३ साली उंदरांवरच्या कामातून दिसलं होतं की चेहरा घडताना जनुकांचा आवाज कमी-जास्त करणारे चार हजारांहून अधिक डीएनएचे तुकडे कामाला लागलेले असतात. २०१७ साली क्रेग व्हेंटर यांच्या कंपनीने १,०६१ लोकांचे चेहरे, आवाज, उंची त्यांच्या डीएनएवरून वर्तवून माणूस ओळखता येतो असा दावा केला. यानिव्ह एर्लिच या शास्त्रज्ञाने तो लगेच खोडला. एवढ्या लहान गटात माणूस हुडकायला त्याचं वय, लिंग आणि वंश एवढं पुरतं. तुमचा संगणक चेहरा ओळखत नाही, त्या वंशाचा सरासरी चेहरा काढतो, हा त्याचा मुद्दा होता. कॅनडातल्या एडमंटनच्या पोलिसांनी याची किंमत मोजली. ऑक्टोबर २०२२ मध्ये बलात्काराच्या एका प्रकरणात त्यांनी एका अमेरिकी कंपनीकडून डीएनएवरून संशयिताचं चित्र करून घेतलं आणि प्रसिद्ध केलं. चित्र एका सर्वसाधारण काळ्या तरुणाचं होतं, शहरातल्या कुणाही काळ्या तरुणाला लागू पडेल असं. टीका झाली, चित्र मागे घेतलं गेलं, पोलिसांनी माफी मागितली. गुन्हेगार पकडायला जे चालत नाही ते बाळाच्या नाकाला कुठून चालणार?

फोनमधली अ‍ॅप्स तर जनुकांच्या वाटेलाही जात नाहीत. त्यांचे पूर्वज पुन्हा गॉल्टनच. १८७० च्या दशकाच्या शेवटी त्याने गुन्हेगारांची छायाचित्रं एकावर एक छापून गुन्हेगाराचा ठरावीक चेहरा काढायचा प्रयत्न केला. निघाला तो गुन्हेगार नव्हताच, बराच सभ्य आणि देखणा गृहस्थ होता. खाचखळगे, वाकडं नाक, वरखाली भुवया हे सगळं बेरजेत पुसलं जातं. १९९० साली अमेरिकेत संगणकावर तोच प्रयोग झाला आणि मिसळलेले चेहरे सुट्या चेहऱ्यांपेक्षा लोकांना अधिक आकर्षक वाटले. अ‍ॅपमधलं बाळ नेहमी गोडच का असतं, याचं उत्तर यात आहे. हल्लीची अनेक यंत्रं २०१८ च्या सुमारास आलेल्या स्टाइलगॅनसारख्या तंत्रावर चालतात. लाखभर चेहरे पाहून चेहरा कसा असतो हे ती शिकतात, मग आईबापांचे दोन चेहरे आकड्यांत बदलून मध्यबिंदू काढतात आणि त्याला बाळाच्या वयाकडे ढकलतात. यंत्राने जे चेहरे जास्त पाहिले तिकडे ते झुकतं. २०२० साली अशाच तंत्राला बराक ओबामांचं धूसर छायाचित्र स्पष्ट करायला दिलं तर त्याने एक गोरा माणूस काढून दिला. सावळ्या जोडप्याला अ‍ॅपने गोरंपान बाळ दाखवलं तर केशराला उगीच श्रेय देऊ नये.

पोटातल्या बाळाचा खरा चेहरा दाखवणारं रोजच्या वापरातलं यंत्र एकच: सोनोग्राफी. ग्लासगोच्या इयन डोनाल्ड यांनी १९५८ साली तिची ओळख जगाला करून दिली. १९८० च्या दशकात त्रिमितीय चित्रं येऊ लागली. सव्वीस ते बत्तीस आठवड्यांच्या दरम्यान गालावर थोडी चरबी चढलेली असते, भोवती पाणी पुरेसं असतं, आणि बाळाने हात तोंडावर धरला नसेल तर चेहरा छान उमटतो. पण तो तांबूस-सोनेरी रंग यंत्राचा, बाळाचा नव्हे. नाकही दाबामुळे फेंदारलेलं दिसतं आणि नातेवाईक तिथेच निकाल लावून मोकळे होतात.

अमेरिकेत अशा चित्रांची दुकानं आहेत, तिथल्या औषध प्रशासनाने नको म्हटलं तरी. आपल्याकडे ती नाहीत, आणि त्यामागे एक काळा इतिहास आहे. वर उल्लेख केलेल्या उरलेल्या निम्म्या वेळी ‘कसं दिसेल’चा अर्थ ‘मुलगा की मुलगी’ एवढाच होता. गर्भलिंगचाचणीवर कायदा करणारं पहिलं राज्य महाराष्ट्र, १९८८ साली; देशाचा कायदा १९९४ चा. तरीही राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या २००१ साली ९१३ होती ती २०११ साली ८९४ वर आली. कायद्याने गर्भवतीची सोनोग्राफी फक्त ठरवून दिलेल्या वैद्यकीय कारणांसाठी करता येते आणि प्रत्येकीचा फॉर्म भरावा लागतो. अठरा-वीस आठवड्यांच्या तपासणीत डॉक्टर बाळाचा ओठ नीट पाहतात तो दुभंगलेला नाही ना यासाठी. कुणाच्या वळणाचा आहे हे सांगण्यासाठी नव्हे. एका भाकिताची एवढी भारी किंमत मोजलेल्या समाजाने दुसऱ्या भाकितांच्या बाबतीत थोडं सावध असावं, असं मला वाटतं.

कारण ती विकायला आलेली आहेत. २००९ साली लॉस एंजलिसच्या एका वंध्यत्व केंद्राने डोळ्यांचा आणि केसांचा रंग निवडून देण्याची जाहिरात केली आणि गदारोळ होताच ती आवरली. २०१३ साली ट्वेंटी-थ्री-अँड-मी या कंपनीला बीजाचा दाता निवडून बाळात हवे ते गुण येण्याची शक्यता मोजण्याच्या पद्धतीवर पेटंट मिळालं. त्या कंपनीने मार्च २०२५ मध्ये दिवाळखोरीसाठी अर्ज केला. भारतात २०१७ साली ‘आरोग्य भारती’ या संस्थेच्या गर्भविज्ञान कार्यक्रमातून सावळ्या, बुटक्या आईबापांनाही गोरी, उंच मुलं होतील असं सांगितलं गेलं आणि प्रकरण कोलकात्याच्या उच्च न्यायालयापर्यंत पोचलं. जेरुसलेमच्या शाय कार्मी आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली या स्वप्नाचा हिशेब मांडला. दहा भ्रूणांतून जनुकांच्या गुणांकावर सर्वांत उंच निघेल तो निवडला तर सरासरीवर जेमतेम अडीच सेंटिमीटरची कमाई. मग त्यांनी २८ मोठी कुटुंबं घेतली, ज्यांची मुलं वाढून मोठी झालेली होती. गुणांकाने पहिला नंबर दिलेलं भावंड प्रत्यक्षात सर्वांत उंच निघालं ते फक्त ७ घरांत.

या सगळ्या खटाटोपाला ज्याची पर्वा नसते असा निवाडा शेवटी बारशाच्या घरात होतो. मुलगा आईच्या तोंडवळ्याचा आणि मुलगी बापाच्या तोंडवळ्याची निघाली तर भाग्याची, असं आपल्याकडे मानतात. मातृमुखी सदा सुखी. दोन्ही घराण्यांची एकाच वेळी सोय पाहणारं इतकं मुत्सद्दी भाकीत क्वचितच सापडेल. पाश्चात्त्य देशांतही हे मुत्सद्दीपण चालतं. मार्टिन डाली आणि मार्गो विल्सन यांनी १९८२ साली बाळंतपणांच्या चित्रफिती तपासल्या, तेव्हा नव्या आया ‘बाबासारखं दिसतंय’ असंच जास्त वेळा म्हणताना आढळल्या, आणि विशेष म्हणजे बाबाला ऐकू जाईल असं. पुढे मेक्सिकोतल्या कुटुंबांतही आईकडच्या नातेवाइकांचा सूर हाच निघाला. १९९५ साली तर ‘नेचर’मध्ये एक प्रयोग छापून आला की एक वर्षाची मुलं खरोखरच आईपेक्षा बापासारखी दिसतात, अनोळखी लोकांना फोटोंवरून जोड्या लावता येतात. बातमी जगभर गाजली. बेल्जियम आणि इटलीतल्या संशोधकांनी तोच प्रयोग पुन्हा केला तेव्हा बापाचं वजन उरलं नाही. मुलं दोघांसारखी दिसत होती, आणि जोड्या लावणाऱ्यांची अचूकता नशिबापेक्षा थोडीच बरी होती. आत्या-मामींना मात्र जोडी लावायची नसते. आईबाप कोण हे त्यांना आधीच ठाऊक असतं, फक्त पुरावा शोधायचा असतो, आणि तो सापडतोच. हनुवटी नाही तर पायाची बोटं.

त्यातून जे दिसत असतं तेही टिकाऊ नसतं. जन्मताना लांबट झालेलं डोकं काही दिवसांत आपोआप गोल होतं; न्हाऊ घालणारी बाई चिमटीत धरून वर काढते ते नाक, तिने काढलं नाही तरी किशोरवयापर्यंत वाढत राहतं. जावळ गळतं, नवे केस वेगळ्याच जातीचे येतात. अशा या हलत्या लक्ष्यावर माझ्या पाहण्यात त्यातल्या त्यात कुणाचा नेम बसत असेल, तर बाळाच्या कानाची कड आणि नखांची मुळं उजेडात धरून पाहणाऱ्या आजीचा. तिथलं कातडं बाकी अंगाच्या आधी खऱ्या रंगावर येतं, हे तिने पाहून पाहून हेरलेलं असतं. फक्त ती बाळ हातात येईपर्यंत काही बोलत नाही.